दिवा मंद, वायर जुनी
(शिरूर अनंतपाळ येथील बैठकीतील भाषण)



घामाच्या दामासाठी आपण लढतोच आहोत. आज आम्ही जुन्या ट्रॅक्टरच्या लाइटबद्दल बोलणार. नवा घ्यायची ऐपत कापसाच्या भावाने ठेवली नाही. जुन्यावरच आपली पोरं रात्री माल घेऊन लातूरला निघतात. थंडीत मांजरेकाठी धुकं उतरलं की मिणमिणता लाइट काय कामाचा?

लाइट मंद झाला की आपण मोठा बल्ब घालतो. चूक तिथेच होते. 12 व्होल्टवर 55 वॅटचे दोन बल्ब सुमारे 9 अँपिअर ओढतात, 100 वॅटचे जवळजवळ 17. बारीक, जुन्या वायरीला ते झेपत नाही. वायर तापते, आणि मागे ट्रॉलीत कापूस असतो!

म्हणून बल्ब 55 चाच ठेवा, वायर बदला. आधी बॅटरीची अर्थिंगची केबल सोडा. बॅटरीपासून 2.5 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर घ्या. बॅटरीजवळच 15 अँपिअरचा फ्यूज टाका. ती रिलेच्या 30 नंबरला जोडा. 87 मधून लाइटला, 86 ला स्विच, 85 ला अर्थिंग. अर्थिंगच्या जागी रंग, गंज खरवडून लोखंड उघडं करा.

झोत खाली रस्त्यावर ठेवा. वर मारलेला उजेड धुक्यातून आपल्याच डोळ्यांवर येतो.

आणि आज घरी गेलात की ट्रॉलीच्या मागे उभे राहा. लाल लाइट, रिफ्लेक्टर दिसतो का बघा. नसेल, तर आधी तो लावा. मगच ट्रॉली रस्त्यावर काढा.