युद्धनौकेची जागल



आपल्या इंझोरी गावापासून समुद्र फार लांब.
पण शेतातली जागल आपल्याला ठाऊक आहे.
युद्धनौकेलाही अशीच जागल लागते.

ती करते एके-६३० ही तोफ.
१९६०च्या दशकात सोव्हिएत रशियात ती घडली.
लाटांलगत येणारी क्षेपणास्त्रे टिपायची, हे तिचे काम.

तिला सहा नळ्या.
त्या गरगर फिरतात.
मिनिटाला ४ हजारांच्या वर गोळे सुटतात.

तोफेवर माणूस बसत नाही.
रडार लक्ष्य हेरते.
यंत्र नेम धरते.

मुंबईच्या माझगाव डॉकने बांधलेल्या ‘विशाखापट्टणम’ नौकेवर अशा ४ तोफा आहेत.
ही नौका २०२१मध्ये नौदलात आली.

लक्षात ठेवा, श्रोतेहो,
ही तोफ म्हणजे नौकेची जागल.
अगदी शेवटचा पहारा.