नव्या पालवीचा शोध



विद्यार्थिदशा म्हणजे पुढील सुखासाठी सोसावयाचा काळ, अशी समजूत आपल्याकडे रूढ आहे. परीक्षा संपावी, पदवी मिळावी, नोकरी लागावी आणि त्यानंतर खऱ्या जगण्यास आरंभ व्हावा, असे मानण्यात येते. ही समजूत कितपत खरी आहे, हे पाहण्यासाठी कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील एका विद्यार्थ्याचे चरित्र उपयोगी पडेल. हा विद्यार्थी म्हणजे उ. वे. स्वामिनाथ अय्यर. विस्मृतीत गेलेले प्राचीन तमिळ ग्रंथ ताडपत्रांतून शोधून काढून त्यांनी ते संपादित केले आणि म्हणूनच तमिळ जनता त्यांना प्रेमाने ‘तमिळ आजोबा’ म्हणते. येथे विचार करावयाचा आहे तो मात्र त्यांच्या विद्वत्तेचा नव्हे, तर त्यांच्या विद्यार्थिदशेचा.

तंजावर हे नाव मराठी वाचकाला परके नाही. व्यंकोजीराजांपासून तेथे भोसल्यांचे राज्य होते. स्वामिनाथ अय्यर यांचा जन्म १९ फेब्रुवारी १८५५ रोजी झाला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्या घराण्याचे अखेरचे राजे दुसरे शिवाजी निवर्तले. अय्यरांचे मूळ गाव कुंभकोणमच्या परिसरातील उत्तमदानपुरम्. तंजावरच्या एका राजाने एकादशीच्या दिवशी विसरून विडा खाल्ला आणि प्रायश्चित्त म्हणून हे गाव वसवून ब्राह्मणांना दान दिले, अशी तेथील आख्यायिका त्यांनी आपल्या आत्मचरित्रात नोंदवून ठेवली आहे.

या भागातील गावांत मुलांची शाळा घराच्या ओट्यावर भरे. आपल्याकडील पंतोजींच्या शाळेशी तिचे पुष्कळ साम्य होते. मुले प्रथम वाळूवर अक्षरे गिरवीत आणि मग लोखंडी लेखणीने ताडपत्रावर कोरीत. शिस्त कडक असे आणि छडीचा वापर सढळ असे. परंतु नवरात्र आले की हीच मुले टिपऱ्या खेळत, गाणी म्हणत घरोघर जात. मिळालेली रक्कम शिक्षकाच्या हाती पडे. शाळा कोणाच्या आधारावर चालते, हे मुलांना असे खेळता खेळता कळत असे. गावालाही आपली मुले काय शिकली, ते आपल्या दारात पाहावयास मिळे.

स्वामिनाथांचे वडील वेंकट सुब्बय्यर हे गायक होते. रामकथा गाऊन ते चरितार्थ चालवीत. मुलाने संगीत आणि तेलुगू शिकावे अशी त्यांची इच्छा होती; मुलाचे मन मात्र तमिळ कवितेत गुंतले होते. अखेर वडिलांनी मुलाची ओढ ओळखली आणि त्याला शिकवील असा गुरू जेथे असेल, तेथे बिऱ्हाड हलविण्यास ते सिद्ध झाले. कोल्लिडम नदीपलीकडील अरियलूर, कुन्नम अशा गावांतून हे कुटुंब राहिले. गावकरी राहावयास घर देत, धान्य पुरवीत. त्या बदल्यात वडील कथा गात आणि मुलगा तेथील जाणकारांकडे पाठ घेई. अन्नाची विवंचना कायम होती. तथापि एखाद्या गावी अपरिचित ग्रंथ असलेला गृहस्थ भेटला, एखाद्या कठीण पद्याचा अर्थ उलगडला, तर तो दिवस या मुलाला सणासारखा वाटे.

१८७१ साली स्वामिनाथ मायावरम् येथे, म्हणजे आजच्या मयिलाडुतुरै येथे, महाविद्वान मीनाक्षिसुंदरम् पिळ्ळै यांच्याकडे आले. पिळ्ळै हे त्या काळचे सर्वश्रेष्ठ तमिळ विद्वान. ते विद्यार्थ्यांकडून काही घेत नसत. स्वतः कर्जात असूनही विद्यार्थ्यांना आश्रय देत. ते पद्ये रचून सांगत आणि शिष्य ती ताडपत्रावर उतरवून घेत. परंतु नव्या विद्यार्थ्याचा पाठ त्यांनी प्रथम आपल्या ज्येष्ठ शिष्यावर, सवेरिनाथ पिळ्ळै यांच्यावर सोपविला. ज्यांच्यासाठी इतकी गावे पालथी घातली, त्या गुरूंच्या मुखातून पाठ मिळत नाही, याची खंत स्वामिनाथांना लागून राहिली.

यातून जो मार्ग निघाला, तो लक्षात ठेवण्यासारखा आहे. पिळ्ळै यांनी घरामागील बागेत झाडे लाविली होती. त्यांना नवी पालवी फुटली का, हे ते रोज मोठ्या उत्सुकतेने पाहत. स्वामिनाथांच्या ध्यानात ही गोष्ट आली. ते पहाटे लवकर उठून प्रत्येक झाड निरखू लागले आणि गुरू बागेत आले की कोठे नवा कोंब फुटला आहे, ते दाखवू लागले. गुरूंना आनंद होई आणि शिष्याशी बोलणे सुरू होई. अशा या बोलण्यातूनच पुढे त्यांना प्रत्यक्ष गुरूंकडून पाठ मिळू लागला.

गुरूंचे लक्ष वेधून घेण्याची ही एक युक्ती होती, असे कोणी म्हणेल आणि ते काही अंशी खरेही आहे. परंतु दुसऱ्याला कशात आनंद वाटतो हे ओळखावयाचे, आणि त्यासाठी रोज तेच झाड पुन्हा नव्या दृष्टीने पाहावयाचे, हे केवळ युक्तीने साधत नाही. त्यासाठी मन जागे असावे लागते.

पिळ्ळै यांच्या शिष्यवर्गात शैव होते, ब्राह्मण होते, मुसलमान होते. स्वतः सवेरिनाथ हे ख्रिस्ती होते. जेवणाच्या पंगती जातीच्या नियमांनी वेगळ्या ठेवल्या होत्या. पाठाची बैठक मात्र एक होती. तिरुवावडुतुरैच्या शैव मठात तै महिन्यात गुरुपूजेचा उत्सव होई. त्या वेळी विद्वान, गायक आणि यात्रेकरू यांची दाटी होई आणि अन्नदान चाले. आषाढाच्या सुमारास कावेरीला नवे पाणी येई. आडी महिन्याच्या अठराव्या दिवशी लोक नदीची पूजा करून काठावर नाना प्रकारचे भात खात. तुला मासात स्नानासाठी मायावरमच्या घाटावर गर्दी लोटे. पाठ, उत्सव आणि नदी यांचे वेळापत्रक एकमेकांत मिसळलेले होते.

हे आनंद सर्वांना सारखे लाभत नव्हते, हेही सांगितले पाहिजे. मुलींना त्या बैठकीत स्थान नव्हते. ज्यांच्या श्रमाने भाताची खाचरे पिकत, त्या अस्पृश्य मानलेल्या मजुरांच्या मुलांना तर ओट्यावरची शाळाही बंद होती. याच मायावरमात गोपाळकृष्ण भारती राहत असत आणि काही काळ स्वामिनाथ त्यांच्याकडे संगीतही शिकले. मंदिराचे दार बंद असलेल्या नंदनार या शेतमजूर भक्ताचे चरित्र भारतींनी कीर्तनांत गुंफले होते. समाजाच्या ओट्यावर कोणाला बसावयास मिळते आणि कोण अंगणाबाहेर उभा राहतो, हा प्रश्न विद्यार्थ्याने आपल्या आनंदाच्या क्षणीही विसरू नये.

१८७६ साली पिळ्ळै यांचे निधन झाले. १८८० मध्ये त्यांचेच एक ज्येष्ठ शिष्य त्यागराज चेट्टियार यांनी कुंभकोणमच्या सरकारी महाविद्यालयातील आपली जागा सोडताना ती स्वामिनाथांना मिळवून दिली. त्याच वर्षी ‘जीवक चिंतामणी’ या विस्मृत महाकाव्याकडे त्यांचे लक्ष वेधले गेले आणि १८८७ साली त्यांनी ते छापून प्रसिद्ध केले. पुढे ‘शिलप्पदिकारम्’ १८९२ मध्ये आणि ‘पुरनानूरु’ १८९४ मध्ये त्यांच्या हातून प्रकाशात आले. त्यासाठी ते पुन्हा गावोगाव हिंडले. घरांतून आणि मठांतून कीड लागलेली, कडा तुटलेली ताडपत्रे त्यांनी गोळा केली. एका अक्षरासाठी दहा प्रती ताडून पाहणारी ही दृष्टी अचानक आलेली नव्हती. पहाटेच्या अंधुक प्रकाशात फांदीवरचा कोंब शोधताना ती घडत होती. ज्या घरांनी एके काळी गायकाच्या मुलाला आसरा दिला, तशाच घरांची दारे संशोधकाला उघडली.

म्हणूनच विद्यार्थिदशेतील लहान आनंद म्हणजे अभ्यासातून घटकाभर सुटका नव्हे. सोबत्याने समजावून दिलेला एक पाठ, शेजाऱ्याने प्रेमाने वाढलेले ताट, नदीला आलेले नवे पाणी, झाडाला फुटलेली पालवी, यांच्याकडे ज्याचे लक्ष आहे, त्याचेच लक्ष ग्रंथावरही ठरते. हे आनंद पदवीनंतरसाठी राखून ठेवता येत नाहीत. पालवी त्या त्या सकाळीच पाहावी लागते. आणि ती दिसली, तर स्वतःपुरती न ठेवता दुसऱ्याला दाखवावी, इतकेच या चरित्रातून घेण्यासारखे आहे.