सत्तावीस या अंकाचा अर्थ

अमरावतीहून नागपूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर नांदगाव पेठचा टोलनाका लागतो. कापसाच्या गाठी भरलेली एखादी मालमोटार त्या नाक्यापाशी क्षणभर थांबली, म्हणजे तिच्यापाशी २७ हा अंक दोन ठिकाणी असण्याचा संभव असतो. पुढल्या पाटीवर ‘एमएच २७’ अशी नोंद असते. तेथे २७ म्हणजे अमरावतीचे परिवहन कार्यालय. चालकाजवळच्या बिलावर माल विकणाऱ्या व्यापाऱ्याचा पंधरा स्थानांचा जीएसटी क्रमांक असतो आणि त्याचाही आरंभ २७ नेच होतो. परंतु तेथे २७ म्हणजे सगळे महाराष्ट्र राज्य. अकोल्याच्या गाडीची पाटी ३० ची आणि वाशीमची ३७ ची. पण बिले मात्र तिन्ही जिल्ह्यांतल्या व्यापाऱ्यांची २७ चीच.

मनुष्याचा यात घोटाळा होत नाही. पाटी कोणती आणि बिल कोणते हे त्याला दिसते. संगणकाला दिसतो तो केवळ अंक. त्याचा अर्थ त्याला कोठे तरी लिहून ठेवलेल्या कोष्टकातून काढावा लागतो. डाव्या रकान्यात अंक, उजव्या रकान्यात त्याचा अर्थ, एवढेच या कोष्टकाचे स्वरूप. धंद्यातील लोक त्याला लुकअप टेबल किंवा नुसते ‘मास्टर’ म्हणतात. हे कोष्टक कसे आखावे हा प्रश्न वरवर कारकुनी वाटतो. तथापि प्रोग्रॅमर मंडळींमध्ये त्याच्याइतका वाद क्वचितच दुसऱ्या एखाद्या गोष्टीवर होत असेल.

नांदगाव पेठच्या औद्योगिक वसाहतीत वस्त्रोद्योगाचे कारखाने आहेत. त्यांपैकी एखाद्याच्या खरेदी-विक्रीची प्रणाली रचण्यास तिघे प्रोग्रॅमर बसले आहेत, अशी श्रोत्यांनी कल्पना करावी. तिघांतला सर्वांत तरुण म्हणतो, “भाऊ, हे कोडचे अवडंबर हवेच कशाला? सरळ गावाचे नाव लिहू, जिल्ह्याचे नाव लिहू. वाचणाऱ्याला समजले म्हणजे झाले.” ज्याला तो भाऊ म्हणतो, तो वयाने वडील असलेला गृहस्थ कागदावर दोन शब्द लिहून त्याच्यापुढे सरकवतो: ‘नांदगांव’ आणि ‘नांदगाव’. १९६२ साली शुद्धलेखनाचे नवे नियम आले आणि अनुच्चारित अनुस्वार गेले. परंतु जुन्या वळणाचा कारकून अजून पहिलेच रूप लिहितो. वाचणाऱ्याच्या मते हे गाव एकच. यंत्राच्या मते ही दोन गावे, आणि त्यांची येणी-देणीही निराळी.

शिवाय नांदगावे तरी किती! नांदगाव पेठ हे अमरावती तालुक्यात. त्याच जिल्ह्यात नांदगाव खंडेश्वर हे तालुक्याचे ठिकाण. आणि नासिक जिल्ह्यात नुसते नांदगाव हा तालुका. नावाने गाव ओळखता येत नाही, हे आपल्या पूर्वजांना संगणकावाचून कळले होते. म्हणूनच त्यांनी एका नावाला पेठ जोडली, दुसऱ्याला देव जोडला आणि अन्यत्र बुद्रुक व खुर्द लावून भागवले. २०११ च्या जनगणनेने प्रत्येक गावास जो सहा अंकी क्रमांक दिला, तो या जोडनावांचाच पुढचा अवतार होय.

नावाच्या विरुद्ध दुसरा आक्षेप याहूनही भारी आहे. २०२३ साली औरंगाबाद जिल्ह्याचे छत्रपती संभाजीनगर झाले व उस्मानाबादचे धाराशिव. २०२४ साली अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. ज्याने लाखो बिलांत जिल्ह्याचे नाव अक्षरशः लिहिले असेल, त्याला लाखो ठिकाणी खाडाखोड करणे आले. ज्याने क्रमांक लिहून नाव कोष्टकात ठेवले, त्याचे काम एका ओळीत आटोपते. येथे तरुण हार खातो, आणि ते योग्यच आहे.

खरा तंटा यापुढे सुरू होतो. दुसरा सहकारी चतुर आहे. श्रम वाचवण्याची त्याला हौस आहे. तो म्हणतो की, जिल्ह्यांचे एक कोष्टक, राज्यांचे दुसरे, मापांचे तिसरे, अशी पन्नास कोष्टके का करावीत? सर्वांचा आकार एकच, म्हणजे अंक आणि अर्थ. एकच मोठे कोष्टक करावे. त्यात ‘प्रकार’ नावाचा तिसरा रकाना घालावा आणि तेथे राज्य, वाहन, माप असे लिहावे. दुरुस्तीची खिडकी एक, प्रोग्रॅमही एक. ही युक्ती जवळजवळ प्रत्येक प्रोग्रॅमरला आयुष्यात एकदा तरी सुचते आणि ती सुचल्याच्या दिवशी त्याला मोठा आनंद होतो.

वडील गृहस्थाचे उत्तर टोलनाक्यावरच्या त्या मालमोटारीतच आहे. डेटाबेसला असा हुकूम देता येतो की, बिलाच्या अमुक रकान्यात येणारा अंक तमुक कोष्टकात असलाच पाहिजे. नसेल तर नोंद नाकारावी. याला फॉरेन की म्हणतात आणि कितीही झोप आली तरी न पेंगणारा असा हा पहारेकरी आहे. परंतु सगळे अंक एकाच दालनात कोंबले, म्हणजे पहारेकऱ्याला फक्त ‘हा दालनातला आहे’ एवढेच समजते. कोणत्या घरचा ते समजत नाही. अकोल्याच्या गाडीचा ३० हा अंक चुकून राज्याच्या रकान्यात पडला, तर तो व्यापारी गोव्याचा ठरतो, कारण जीएसटीच्या यादीत ३० म्हणजे गोवा. वाशीमचा ३७ पडला, तर तो आंध्र प्रदेशात जाऊन बसतो. ही केवळ गंमत नव्हे. विक्री राज्यातल्या राज्यात असेल तर कर केंद्र व राज्य असा दोन भागांत आकारला जातो. परराज्यात असेल तर एकत्रित आकारला जातो. एका चुकीच्या अंकाने वाशीमच्या व्यापाऱ्यावर नको तो कर लागतो, आणि तो सोडवून घेण्यात त्याचे दिवस जातात. पहारेकरी मात्र निर्दोष असतो. त्याने दालन तपासलेले असते.

दुसरा सहकारी म्हणतो की, प्रत्येक बिलात अंकासोबत प्रकारही लिहावा, म्हणजे ही अडचण उरणार नाही. हे खरे आहे. तसे करता येते. मग प्रत्येक ओळीत ‘राज्य, राज्य, राज्य’ असा एकच शब्द लाखो वेळा वाहावा लागतो आणि वाचवलेले श्रम व्याजासह परत करावे लागतात.

परंतु एकाच कोष्टकाच्या विरुद्ध सर्वांत सबळ साक्ष वऱ्हाडच्या कापसाची आहे. कापूस शेतकरी क्विंटलने विकतो, कारखाना गाठीने मोजतो आणि बाजारभाव खंडीने सांगतात. क्विंटल १०० किलोचा, गाठ १७० किलोची, खंडी सुमारे ३५६ किलोची. तेव्हा मापांच्या कोष्टकाला अंक व अर्थ एवढे पुरत नाही. किलोचा रकाना लागतो. राज्यांच्या कोष्टकाला किलोचे काय काम? तेथे केंद्रशासित आहे किंवा नाही हे लिहावे लागते. मग सामाईक कोष्टकात ‘जादा रकाना १’, ‘जादा रकाना २’ असे निनावी रकाने काढतात. एका ओळीत तेथे १७० असते, दुसरीत तारीख, तिसरीत ‘होय’. ज्या रकान्यात काहीही लिहिता येते, त्यात लिहिलेल्याची तपासणी कोण करणार? शंभर गाठींच्या जागी शंभर खंडी अशी नोंद झाली, तर १७,००० किलोचे ३५,६०० किलो होतात. आणि ते पैसे कोणाच्या तरी खिशातून जातात.

एडगर कॉड या इंग्लंडात जन्मलेल्या गणितज्ञाने आयबीएम कंपनीच्या सॅन होझे येथील प्रयोगशाळेत असताना जून १९७० मध्ये जो निबंध प्रसिद्ध केला, त्यात आजच्या कोष्टकरूप डेटाबेसचा पाया आहे. त्यात प्रत्येक रकान्याला त्याचे स्वतःचे मूल्यक्षेत्र असते, ही कल्पना मांडलेली आहे. पाटीचा २७ एका क्षेत्रातला, बिलाचा २७ दुसऱ्या. दोहोंचे रूप सारखे म्हणून नाते सारखे होत नाही. नांदगाव नावाच्या दोन गावांची भावकी एक नसते, तसेच हे.

यास्तव कोष्टके निरनिराळी करावीत हे ठरते. मग प्रश्न उरतो तो आतल्या क्रमांकाचा. सरकारने दिलेला कोडच किल्ली म्हणून वापरावा, की आपला स्वतःचा एक अर्थहीन अनुक्रमांक द्यावा? सरकारी कोड ओळखीचा असतो, नोंद उघडताच वाचता येतो. हा लाभ लहान नव्हे. परंतु सरकारी कोडही बदलतात. २००१ च्या जनगणनेत अमरावती जिल्ह्याचा क्रमांक राज्यापुरता ०७ होता. २०११ मध्ये देशभर सलग क्रमांक लावल्याने तो ५०३ झाला. (त्या ०७ मधले शून्य गणकयंत्रे बिनदिक्कत गिळतात, म्हणून कोड हे अंकांचे दिसले तरी अक्षरे म्हणूनच ठेवावेत.) नांदगाव पेठवरून जाणारा तो हमरस्ता कित्येक वर्षे राष्ट्रीय महामार्ग ६ होता, नव्या क्रमवारीत तो ५३ झाला. ज्या कोडात नावाची आद्याक्षरे असतात तो तर फारच नाजूक: ओरिसाचे ओडिशा होताच गाड्यांवरचे ‘ओआर’ जाऊन ‘ओडी’ आले. म्हणून आत आपला अनुक्रमांक असावा आणि सरकारी कोड हा शेजारचा एक रकाना असावा, हे मत ग्राह्य वाटते. मापांसारख्या चार-सहा ओळींच्या कोष्टकात मात्र एवढा कडक सोवळेपणा नसला तरी चालतो.

‘इतर’ नावाच्या ओळीविषयीही एक शब्द सांगितला पाहिजे. ती ओळ कोष्टकात घातली की वर्षभरात अर्ध्या नोंदी तिच्यात जाऊन बसतात. कारण ती शोधावी लागत नाही.

सर्वांत अवघड प्रश्न काळाचा. वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. १९९१ साली अकोला जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे २२ लाख होती. २००१ साली ती सुमारे १६ लाख ३० हजार. ज्याच्या कोष्टकात केवळ ‘अकोला’ एवढेच आहे, त्याला दहा वर्षांत पावणेसहा लाख माणसे नाहीशी झाली असे दिसेल, आणि तेवढ्यावरून तो शाळा-दवाखान्यांचा हिशेबही मांडील. माणसे कोठेही गेली नव्हती. सीमारेषा सरकली होती. म्हणून प्रत्येक ओळीला ‘केव्हापासून’ आणि ‘केव्हापर्यंत’ असे दोन रकाने असावेत, आणि बिलाचा अर्थ बिलाच्या तारखेस जो होता तोच लावावा. २०२२ च्या बिलाची प्रत आज काढली, तर तिच्यावर उस्मानाबादच आले पाहिजे.

तरुण विचारतो, “मग जी ओळ आता लागतच नाही, ती पुसून टाकायची ना?” वडील गृहस्थ मान हलवतो. आंध्र प्रदेशाचे विभाजन २ जून २०१४ रोजी झाले. जीएसटीच्या यादीत नव्या आंध्राला ३७ मिळाला, आणि अखंड आंध्राचा २८ दुसऱ्या कोणास दिलेला नाही. पटवाऱ्याच्या दप्तरात तर ही रीत त्याहून किती तरी जुनी आहे. ज्या गावात एकही दिवा लागत नाही, घरे पडली, माणसे उठून गेली, त्या गावाला तेथे बेचिराग मौजा म्हणतात. त्याचे नाव यादीतून कोणी काढत नाही. त्याच्या शेतांचे खातेदार असतात, त्याची शीव शेजारच्या गावाला लागून असते, सातबाऱ्यावर त्याचेच नाव येते. तिघे आपल्या कोष्टकात एक नवा रकाना काढतात. मथळा काय द्यावा यावर थोडा वाद होतो, आणि अखेर ‘बंद झाल्याची तारीख’ असे लिहून ते मापांच्या यादीकडे वळतात.