पगाराची चिठ्ठी

नोकरीची गोष्ट निघाली म्हणजे आपण पहिल्यानें विचारतों, पगार किती? तो कोणत्या तारखेस होतो, त्यांतून काय कापतात आणि कापलेलें जातें कुठें, हें फारसें कोणी विचारीत नाहीं. मलाहि तें उशिरांच सुचलें.

आमचें राळेगणसिद्धी पारनेर तालुक्यांत आहे. अण्णा हजारे १९७५ मध्यें सैन्यांतून निवृत्त होऊन गांवीं आले आणि भविष्यनिर्वाह निधीचे वीस हजार रुपये त्यांनीं यादवबाबांच्या मंदिराच्या जीर्णोद्धारास लावले, हें पुष्कळांस ठाऊक आहे. त्याच मंदिराच्या ओट्यावर दोन वर्षांपूर्वीं माझा एक जुना विद्यार्थी मोबाईल हातांत घेऊन आला. पुणें-नगर रस्त्यावर सुपा व रांजणगांव येथें औद्योगिक वसाहती झाल्यापासून आमच्याकडील बरेच तरुण कारखान्यांत जातात. हा त्यांतलाच एक.

"गुरुजी, दर महिन्याला फंडाचे पैसे कापतात. पण ह्यात सात महिने नुसता भोपळा दिसतोय."

कामगाराच्या मूळ पगारांतून साधारणपणें शेंकडा बारा कापावयाचे, तितकीच भर मालकानें घालावयाची, अशी ही १९५२ च्या कायद्यानें आलेली योजना. याचें बारा टक्के कापले जात होते, पण खात्यांत पोंचत नव्हते. पगाराची चिठ्ठी मागितली तर ती त्यास कधींच मिळाली नव्हती. तो ठेकेदाराचा माणूस. यंत्र कारखान्याचें, अंगावरचा गणवेश कारखान्याचा, चूक झाली कीं रागावणारा साहेबहि कारखान्याचा, फक्त पगाराविषयीं तोंड उघडलें कीं उत्तर येई, "ठेकेदाराला विचार." शेजारच्या यंत्रावर तेंच काम करणाऱ्या कायम कामगाराचा पगार याच्या दुपटीहून अधिक होता. त्याचें मात्र त्यास एवढें दुःख नव्हतें. "कमी ठरले ते ठरले," तो म्हणाला, "पण ठरलेले तरी कुठं गेले?"

हें ऐकून मी थोडा ओशाळलों. तरुणपणीं ज्या संस्थेंत मी शिक्षक म्हणून लागलों, तेथें सही एका रकमेवर व्हावयाची आणि हातांत दुसरीच पडावयाची. चार चार महिने तीहि पडत नसे. वाण्याच्या दुकानावरून जातांना मी मान खालीं घालीत असें. मीं मात्र कधीं विचारलें नाहीं. वर्गांत मुलांना व्याजाचीं उदाहरणें शिकवीत राहिलों!

आमच्या आधीं ज्यांनीं विचारलें त्यांच्यापाशीं आमच्याहून फार थोडें होतें. मुंबईच्या गिरण्यांत उजाडल्यापासून मावळेपर्यंत काम चाले. १८८४ सालीं नारायण मेघाजी लोखंडे यांनीं कामगारांच्या सभा भरवून एक अर्ज तयार केला. त्यावर सुमारे साडेपांच हजार सह्या झाल्या. त्यांत मागितलें काय? आठवड्यांतून एक दिवस सुटी, दुपारीं अर्धा तास विसांवा, जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत पगार, आणि मागील महिन्याचें वेतन पुढील महिन्याच्या पंधरा तारखेच्या आंत. अधिक पगार द्या, असें हें मागणें नव्हतें. जो ठरला तो वेळेवर द्या, एवढेंच! रविवारची सुटी १० जून १८९० रोजीं मालकांच्या मंडळानें मान्य केली. वेतनाच्या तारखेस कायद्याचें बळ मिळण्यास १९३६ साल उजाडावें लागलें. सहस्राहून कमी कामगार असतील तेथें सातव्या दिवसाच्या आंत, अधिक असतील तेथें दहाव्या. अर्जापासून बावन्न वर्षें झालीं होतीं.

मालक सगळेच तसे, असें मी म्हणणार नाहीं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १९१० मध्यें कुंडल रोड स्टेशनापाशीं माळरानावर कारखाना घातला, तेव्हां शिक्षा झालेल्या गुन्हेगारांस आणून त्यांच्याच हातीं राखणीचें काम दिलें. ज्यास जग चोर म्हणे त्याच्यावर तेथें कारखाना सोंपविला. आणि येथें बारा बारा तास राबणाऱ्या माणसास त्याच्याच पगाराचा कागद दाखवावयाचा नाहीं!

असो. १९७० च्या कायद्यानें ठेकेदारानें थकविलेल्या मजुरीची जबाबदारी मूळ कारखान्यावर घातली, व ती आजहि सुटलेली नाहीं. निधीच्या बाबतींतहि मूळ मालकास हात झटकतां येत नाहींत. हें मीं त्यास वाचून दाखविलें. तो म्हणाला, "एकट्यानं लिहिलं तर उद्यां गेटवरच अडवतील." मग सतरा जणांनीं मिळून अर्ज केला. अर्जाची भाषा माझी, आंकडे त्यांचे. एक प्रत कारखान्यास, एक निधीच्या कार्यालयास.

चार महिन्यांनीं सातहि महिन्यांचे पैसे खात्यांत जमा झाले. पुढें ठेक्याची मुदत संपली, नवा ठेकेदार आला. त्यानें चौदा जणांस घेतलें, तिघांस घेतलें नाहीं. अर्जावर ज्यांच्या सह्या सर्वांत वर होत्या, तेच ते तिघे. माझा विद्यार्थी त्यांत होता. त्याची आई मला वाटेंत भेटली तेव्हां कांहीं बोलली नाहीं, आणि तें मला फार लागलें.

त्यास दुसरीकडे काम लागण्यास पांच महिने गेले. पगार पूर्वींपेक्षां आठशे रुपयांनीं कमी. पहिल्या महिन्याची चिठ्ठी त्यानें मागून घेतली आणि संध्याकाळीं माझ्याकडे आणली. आम्हीं दोघांनीं मिळून ती एकेक ओळ ताडून पाहिली. जादा कामाचे दोन तास कमी धरले होते. "उद्यां विचारतो," असें म्हणून त्यानें तो कागद घडी घालून खिशांत ठेवला.