गोदामातली पायपीट



मुंबई-नाशिक महामार्गालगत भिवंडीच्या आसपास नजर जाईल तिथवर गोदामं पसरली आहेत. 2017 साली जीएसटी आला, दर राज्यात वेगळं गोदाम ठेवण्याची गरज कमी झाली आणि मोठमोठी गोदामं बांधणं परवडू लागलं. गोदाम वाढलं तशी आतल्या माणसाची पायपीटही वाढली. ऑर्डर आली की रॅक गाठायचा, वस्तू काढायची, ट्रॉलीत टाकून पॅकिंगच्या टेबलाशी आणायची. याला पिकिंग म्हणतात. गोदाम चालवण्याचा साधारण निम्मा खर्च याच कामावर होतो आणि पिकरचा निम्मा वेळ नुसता चालण्यात जातो, असा या धंद्यातला ठोकताळा आहे.

यावर बरेच सुपरवायझर तासाचं टार्गेट वाढवतात. मला हा उपाय उफराटा वाटतो. पाय तेच, वाट तेवढीच. वाढतात त्या चुका.

कमी करायची ती वाट. घरात चहा-साखरेचे डबे हाताशी असतात आणि चकलीचा सोऱ्या माळ्यावर. पुष्कळ गोदामांत मात्र एका कंपनीचा सगळा माल एका ओळीत लावतात. मोजदादीला ते सोपं, पिकरला जाचक. रोज खपणारा माल टेबलाजवळ, कंबर ते खांद्याच्या उंचीत हवा. पण तो सगळाच एका गल्लीत कोंबला तर ट्रॉल्या अडकतात. दोन-तीन गल्ल्यांत वाटावा. शिवाय जूनमध्ये छत्र्या, दिवाळीला उटणं, म्हणजे हंगामाबरोबर जागाही बदलायला हव्यात. हे कंटाळवाणं काम कुणालाच नको असतं!

आठ-दहा छोट्या ऑर्डरी एकाच फेरीत गोळा केल्या तरी बरंच चालणं वाचतं. मात्र ट्रॉलीला वेगळे कप्पे हवेत. गल्ल्यांतून सर्वांत जवळची वाट काढण्याचं गणित रॅटलिफ आणि रोझेन्थल या संशोधकांनी 1983 मध्येच सोडवलं. तरी पुष्कळ ठिकाणी नागमोडी फेरीच चालते, कारण ती डोक्यात राहते. अ‍ॅमेझॉनने 2012 मध्ये किव्हा ही कंपनी विकत घेतली, ती रॅकच माणसापाशी आणणाऱ्या रोबोंसाठी. छोट्या व्यापाऱ्याला ते कुठून परवडणार? टेबलाजवळ काय ठेवायचं हे ठरवायला त्याने गेल्या तीन महिन्यांच्या ऑर्डरी काढून बसावं. किती नग गेले ते पाहू नये, किती वेळा मागणी आली ते मोजावं. पाचशे साबण एकाच ऑर्डरीत गेले तर काम एका खेपेत उरकतं. तेच पाचशे जणांनी एकेक मागवले, तर त्या खणात पाचशे वेळा हात घालावा लागतो.