ढगांवरच्या नगरीला पाणी कोठून येते?



वसंत व्याख्यानमालेत वक्त्याला विषयाबरोबर उन्हाळाही पदरात घ्यावा लागतो. तेव्हा आम्ही आरंभ पाण्यापासूनच करतो.

आमची हयात मुलांना मराठी शिकविण्यात गेली. शनिवारच्या शेवटच्या तासाला मुले अभ्यासाला राजी नसत, आणि खरे सांगायचे तर आम्हीही नसू. म्हणून आम्ही एक गोष्ट रचून सांगू लागलो. ढगांच्या वर वसलेली एक नगरी, तिचा राजा, त्याचा चोरीस गेलेला घोडा, असा सगळा मालमसाला तीत होता. वर्ग खूष होता. तिसऱ्या की चौथ्या शनिवारी मागल्या बाकावरचा एक मुलगा उठला आणि म्हणाला, "सर, नगरी ढगांच्या वर आहे ना? मग पाऊस तर तिच्या खाली पडणार. त्या लोकांना पाणी कुठून येतं?"

आम्ही म्हणालो, "अरे, जादूची नगरी ती. तिथं सगळं जादूनं होतं."

वर्ग हसला. मुलगा खाली बसला. पुढच्या शनिवारी गोष्ट चालू असता तो खिडकीबाहेर पाहत होता.

त्या दिवसांत त्याच्या घरच्या नळाला चार-चार दिवस पाणी येत नसे आणि हंडे भरून ठेवण्याचे काम त्याच्याकडे असे, हे आम्हांला मागाहून कळले. म्हणजे प्रश्न खोडसाळपणाचा नव्हता. पोर आमच्या नगरीत राहावयास निघाले होते, आणि नवे बिऱ्हाड करताना माणूस जे पहिल्याने विचारतो तेच त्याने विचारले होते. आम्ही त्याच्या तोंडावर दार लावून घेतले. अद्भुत कथा लिहिणाऱ्याने वाचकाच्या शंकेला काय उत्तर द्यावे, हा विषय आज आम्ही घेतला आहे तो त्या अपराधाचे ओझे थोडे उतरावे म्हणून.

अद्भुत कथेची एक फार जुनी चौकशी आपल्या जिल्ह्यातच झाली होती. येथून सुमारे ५० किलोमीटरवर पैठण, म्हणजे जुने प्रतिष्ठान. तेथल्या सातवाहन राजाच्या पदरी गुणाढ्य नावाचा पंडित होता. त्याची हकीकत काश्मीरच्या सोमदेवाने ११ व्या शतकात 'कथासरित्सागरा'त सांगितली आहे. गुणाढ्य एका पैजेत हरला आणि संस्कृत, प्राकृत व देशी अशा तिन्ही भाषा सोडून विंध्यारण्यात गेला. तेथे तो पैशाची भाषा शिकला आणि सात वर्षे खपून त्याने विद्याधरांची महाकथा लिहिली. सात लक्ष श्लोक झाले. अरण्यात शाई नव्हती, म्हणून त्याने आपले रक्त वापरले. शिष्यांनी ग्रंथ राजाकडे नेला. राजाने पाहिले काय? श्लोक फार, भाषा पिशाचांची आणि शाई रक्ताची! विद्याधरांच्या राज्यात काय घडते, याची त्याने विचारपूसही केली नाही.

मग गुणाढ्याने अग्निकुंड पेटविले आणि एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवून तो आगीत टाकू लागला. हरणे चरावयाचे विसरून रडत उभी राहिली. इकडे राजवाड्यात शिजणारे मांस सुके येऊ लागले, राजा आजारी पडला, वैद्यांनी आचाऱ्याला विचारले, आचाऱ्याने व्याधांना विचारले, आणि असा उलटा माग काढीत राजा शेवटी रानात पोहोचला. तोवर सहा लक्ष श्लोक जळाले होते. एक लक्ष उरले, तेही शिष्यांना ती नरवाहनदत्ताची कथा फार आवडत होती म्हणून वेगळे ठेवलेले. ही दंतकथा आहे हे आम्ही जाणतो. मूळ पैशाची ग्रंथ मात्र खरोखरच आज कोठे मिळत नाही. शाई कसली हे विचारणारा वाचक आणि पुढे काय झाले हे विचारणारा वाचक यांच्यात किती अंतर असते, हे दाखविणारी याहून चांगली गोष्ट आम्हांला ठाऊक नाही. आमचा मागल्या बाकावरचा मुलगा दुसऱ्या जातीचा होता, आणि आम्ही त्याला पहिल्या जातीचा समजलो.

आता एकदम १९ व्या शतकात येऊ. १८६८ साली नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' निघाली. रिसबुडांनी प्रस्तावनेतच वाचकाची शंका गृहीत धरून जबाब दिला आहे. आपल्या हिंदू लोकांचे विवाह आणि चालीरीतीच अशा, की रोजच्या आयुष्यात मनोरंजक असे काही सापडत नाही, तेव्हा करमणुकीचे पुस्तक करावयाचे तर अद्भुताकडे जाणे भाग आहे, अशा आशयाचे त्यांचे म्हणणे आहे. माणूस प्रामाणिक खरा, परंतु हा जबाब आम्हांला पटत नाही. त्यांच्या आधी ११ वर्षे, १८५७ साली, बाबा पदमनजींनी 'यमुनापर्यटना'त याच रोजच्या घरांतल्या विधवांचे हाल मांडले होते. ज्या घरात काही घडत नाही म्हणून रिसबूड बाहेर पडले, त्या घरात पुष्कळ घडत होते. शिवाय त्यांचे उत्तर आरोपीच्या वकिलाचे आहे. अद्भुतात कां गेलो एवढेच ते सांगतात. तेथे गेल्यावर नियम कोणते, ते सांगत नाहीत.

या बाबतीत विलायतेतला एक मनुष्य आम्हांला फार जवळचा वाटतो. ऑक्सफर्डचे प्राध्यापक टोल्किन. त्यांच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा पहिला भाग १९५४ साली निघाला. त्यात एल्फ नावाची, आपल्या यक्षगंधर्वांसारखी, दीर्घायुषी जात आहे. ऑक्सफर्डातल्याच एका धार्मिक पुस्तकांच्या दुकानाचे व्यवस्थापक हेस्टिंग्ज यांनी त्यांना पत्र लिहून विचारले, की तुमचे हे लोक पुन्हा जन्म घेतात, हे तुमच्याच धर्मश्रद्धेत कसे बसते? टोल्किनांनी पानेच्या पाने उत्तर लिहिले, जगाच्या उत्पत्तीपर्यंत गेले, आणि पत्र टाकले नाही! आपण स्वतःला फारच महत्त्व देत आहोत असे वाटल्यामुळे पत्र पाठविले नाही, अशी नोंद त्यांनी करून ठेवली. त्याच वर्षी नेओमी मिचिसन या लेखिकेला मात्र त्यांनी पत्र धाडले. जुन्या काळाच्या चित्रात काही कोडी राहिलीच पाहिजेत आणि टॉम बॉम्बॅडिल हे पात्र असेच मुद्दाम ठेवलेले कोडे आहे, असे त्यात कळविले.

कोणी म्हणेल, मग "हे कोडे आहे" आणि "हे जादूने होते" यांत फरक काय? आमच्या मते फार मोठा. पहिल्या उत्तरात लेखक वाचकाशेजारी उभा राहून त्याच अंधारात पाहतो. दुसऱ्यात तो दिवा मालवून घरी जातो.

आपल्याकडे जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'कृष्णविवर' ही कथा धाडली, तीही नारायण विनायक जगताप या टोपणनावाने, आपल्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून. त्यांची कथा विज्ञानाची, तेव्हा तेथे प्रश्नांना मुभा असणारच. आम्हांला जास्त भावते ती त्यांची दुसरी रीत. सही मागावयास येणाऱ्या मुलांना ते सांगत, की पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली माझी सही मिळेल. सहीची किंमत एक प्रश्न! २० मे २०२५ रोजी ते गेले. अशी कार्डे कित्येक घरांत जपून ठेवलेली असतील.

तर आमच्या नगरीचे काय झाले ते सांगून आपली रजा घेतो. तो मुलगा दोन शनिवार खिडकीबाहेर पाहत राहिला. मग आम्ही वर्गाला घेऊन पाणचक्कीवर गेलो. दूरच्या डोंगरातल्या झऱ्याचे पाणी मातीच्या नळांतून येते आणि त्याच्या जोरावर जाते फिरे, हे मुलांनी पाहिले. १७ व्या शतकाच्या आरंभी मलिक अंबरने या शहरासाठी जमिनीखालून नहर कशी आणली आणि पाण्याचा दाब सांभाळण्यासाठी वाटेत मनोरे कसे बांधले जात, तेही सांगितले. पुढच्या शनिवारी आम्ही जाहीर केले, की नगरीहूनही उंच एक बर्फाचा डोंगर आहे आणि तेथून नहर येते.

एवढे म्हटले मात्र, आमची सगळी गोष्ट हलली. डोंगर आला तसे डोंगरातले लोक आले. पाणी त्यांचे, तेव्हा राजाला त्यांची पट्टी देणे आले. राजाने ती बरीच वर्षे थकविली होती. मग घोडा चोरीस गेलाच नव्हता, तो थकबाकीपोटी नेला होता! आम्ही स्वतः चकित झालो. इतके दिवस ज्याला चोर म्हणत होतो, तो हक्काचा सावकार निघाला.

मुलगा उठला. "सर, नहरीतला गाळ कोण काढतं?"

आम्ही म्हणालो, "मला ठाऊक नाही रे. पुढच्या शनिवारपर्यंत विचार करतो."

तो म्हणाला, "मी सांगू?"

आणि तो फळ्यापाशी आला. पुढचे तीन शनिवार गोष्ट त्यानेच सांगितली आणि आम्ही मागल्या बाकावर, त्याच्या जागी बसून ऐकली. गाळ काढणाऱ्या पोरांतल्या एकाला नळाच्या तोंडाशी घोड्याचा नाल सापडतो, तेथवर ती आली. मग परीक्षा आल्या, आणि तो वर्ग वर गेला. घोडा शेवटी मिळाला की नाही, असे आपणांपैकी कोणी आता चिठ्ठी पाठवून विचारील, तर आम्हांला आधी त्याला विचारून यावे लागेल.