वॉर्निंग एका ओळीवर, चूक दुसरीकडेच: मॅक्रो आणि कंपायलरचा पत्ता

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी आजच्या भागाचा हा मजकूर.

विषय थोडा तांत्रिक आहे, पण सी शिकणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी छळणारा. कंपायलर म्हणतो, "ऐंशीव्या ओळीवर गडबड आहे." तुम्ही ऐंशीवी ओळ दहा वेळा वाचता, तिथे काहीच चुकलेलं नसतं. मग वाटतं, आपल्यालाच कळत नाही. थांबा. कित्येकदा तुमचं वाचन बरोबर असतं, कंपायलरने दिलेला पत्ता अपुरा असतो.

एक उदाहरण घेऊ. हेडर फाइलमध्ये बाराव्या ओळीवर तुम्ही हॅश डिफाइन करून 'दाखव' नावाचा मॅक्रो लिहिलाय. आत प्रिंटएफ आहे आणि त्यात पर्सेंट डी, म्हणजे पूर्णांक छापायची खूण. मुख्य फाइलमध्ये ऐंशीव्या ओळीवर तुम्ही लिहिता, 'दाखव', कंसात 'वजन'. वजन आहे डबल, समजा १४.६ टन. पूर्णांकाच्या खुणेला दशांशाची संख्या दिली, की छापलं जाणारं वजन भलतंच येऊ शकतं. प्रोग्रॅम बंद पडत नाही, फक्त आकडा खोटा येतो. म्हणून ही वॉर्निंग महत्त्वाची. पण तिने बोट कुठे दाखवायचं? बाराव्या ओळीवर की ऐंशीव्या?

हे समजायला आपण अंकुशनगरला जाऊ. अंबड तालुक्यातलं हे गाव समर्थ सहकारी साखर कारखान्यामुळे ओळखलं जातं. गळीत हंगामात ऊस आला की काट्यावर वजन होतं, पावती होते, आणि मग मोळ्या गव्हाणीत पडतात. एकदा गव्हाणीत पडल्या, की कोणती मोळी कुणाच्या शेतातली हे बघून सांगता येत नाही. समजा आत दगड सापडला. "दगड गव्हाणीत सापडला" हे खरंच आहे. पण तेवढ्यावरून तो कुठल्या फडातून आला, हे कळत नाही.

सी मध्ये ही गव्हाण म्हणजे प्रीप्रोसेसर. तो मॅक्रोचं नाव काढून त्या जागी मॅक्रोचा मजकूर टाकतो आणि कंपायलरला हे मिसळलेलं पीठ मिळतं. जुन्या जीसीसीत मॅक्रोतून आलेल्या सगळ्या टोकनांना एकच पत्ता मिळायचा: मॅक्रो जिथे वापरला ती जागा. वॉर्निंग ऐंशीव्या ओळीची, आणि बाराव्या ओळीतल्या पर्सेंट डीचं नावही नाही.

यावरचा मोठा उपाय २०१२ साली जीसीसी ४.७ मध्ये आला. डोजी सेकेतेली यांनी प्रत्येक टोकनाबरोबर त्याचा प्रवास सांभाळायची सोय केली. टोकन मुळात कुठे लिहिलं, मॅक्रोच्या व्याख्येत कुठे बसलं, आणि मॅक्रो कुठे वापरला, हे तिन्ही. म्हणजे प्रत्येक मोळीला पावती बांधली. पर्यायाचं नाव आहे एफ ट्रॅक मॅक्रो एक्स्पान्शन. याला मेमरी जास्त लागते, म्हणून शून्य, एक आणि दोन असे स्तर ठेवले. २०१३ च्या ४.८ आवृत्तीपासून दोन, म्हणजे पूर्ण नोंद, आपोआप चालू असते. क्लँगने ही मॅक्रोची साखळी त्याआधीपासूनच दाखवायला सुरुवात केली होती.

पण गंमत बघा, पत्ता नेमका झाला आणि नवाच घोळ झाला. कंपायलर सिस्टीम हेडरमधल्या वॉर्निंग सहसा दाखवत नाही, कारण ती फाइल तुम्ही लिहिलेली नसते. आता 'नल' हा मॅक्रो सिस्टीम हेडरमध्येच असतो. पूर्णांक परत करणाऱ्या फंक्शनमधून तुम्ही नल परत केलात, तर चूक तुमची. पण टोकनाचा मूळ पत्ता सिस्टीम हेडरचा, म्हणून वॉर्निंग गिळली जायची! चुकीचा पत्ता निदान शोधायला तरी लावतो. ही तर पूर्ण शांतता. मग दुरुस्ती अशी झाली, की पत्ता सिस्टीम हेडरच्या मॅक्रोत पडत असेल, तर अशा ठिकाणी मॅक्रो वापरल्याची जागा धरायची.

इथे मला या विषयाचं सार दिसतं. "खरा पत्ता कोणता" हा प्रश्न अर्धाच आहे. पूर्ण प्रश्न असा, की "ही चूक कोण दुरुस्त करू शकतो, आणि कुठे?" मॅक्रो तुमचा असेल तर दोन्ही जागा दाखवा. मॅक्रो सिस्टीमचा असेल तर तुमची ओळ दाखवा.

आणखी एक कारण असतं. कंपायलरच्या कोडमध्ये काही ठिकाणी वॉर्निंगला नेमका पत्ता दिलेलाच नसतो. मग पार्सर त्या क्षणी जिथे पोहोचलाय तीच जागा छापली जाते. हे म्हणजे पाकीट कुठे पडलं विचारल्यावर "मी आत्ता इथे उभा आहे" असं सांगणं. अशा दुरुस्त्या एकेका वॉर्निंगसाठी वेगळ्या कराव्या लागतात, म्हणून हे काम एका झटक्यात संपत नाही.

आता तुमच्या कामाचं. फोनवर टर्मक्स वापरत असाल तर तिथला कंपायलर क्लँग आहे. क्लँग साधारणपणे आधी वापराची ओळ दाखवतो आणि खाली नोटमध्ये मॅक्रोची व्याख्या. जीसीसी बहुतेक वेळा उलट करतो, आधी व्याख्येची ओळ आणि खाली नोटमध्ये वापराची. म्हणून पहिली सवय लावा: वॉर्निंगची पहिली ओळ वाचून थांबू नका, खालच्या नोटही वाचा. साखळी लांब असेल तर क्लँग मधल्या काही पायऱ्या गाळतो. मॅक्रो बॅकट्रेस लिमिट शून्य केलं की सगळ्या दिसतात.

दुसरी सवय: डॅश कॅपिटल ई देऊन मॅक्रो उलगडून बघा. आकार बघून थक्क व्हाल. २०२४ मध्ये लिनक्स कर्नेलच्या विकासकांना आढळलं, की एकात एक मिन-मॅक्स मॅक्रो असलेली एकच ओळ उलगडल्यावर ४७ मेगाबाइट होत होती! तिसरी सवय: जमेल तिथे मॅक्रोऐवजी स्टॅटिक इनलाइन फंक्शन लिहा. तिथे पत्त्याचा हा गोंधळच नाही.

आणि पत्ता खरंच चुकीचा आहे अशी खात्री झाली, तर बग कळवा. साधारणपणे बगसोबत प्रीप्रोसेस केलेली फाइल मागतात. पण त्या फाइलमध्ये मॅक्रो उरलेलाच नसतो, मग बग दिसणार कसा? म्हणून सात-आठ ओळींची मूळ फाइल द्या, आवृत्ती सांगा, आणि कोणती ओळ यायला हवी होती ते लिहा. जीसीसीच्या चाचण्यांमध्ये वॉर्निंग कोणत्या ओळीवर यावी हेच तपासतात, तेव्हा तुमची ती छोटी फाइल उद्या चाचणी होऊ शकते.

हे काम आपल्यापासून लांबचं नाही. पवईच्या आयआयटी मुंबईत प्राध्यापक उदय खेडकर यांच्या पुढाकाराने जीसीसी रिसोर्स सेंटर उभं राहिलं. तिथल्या कार्यशाळांमध्ये लाखो ओळींच्या कंपायलरला न घाबरता, टप्प्याटप्प्यावर तो काय बाहेर टाकतो ते बघत शिकायची पद्धत शिकवली गेली. डॅश ई हा त्यातलाच पहिला टप्पा समजा.

तर आज एवढं करा. तो 'दाखव' मॅक्रो स्वतः लिहा, डॅश वॉल देऊन कंपाइल करा, आणि कंपायलर आधी कोणत्या ओळीकडे बोट दाखवतो ते कमेंटमध्ये सांगा. कंपायलर कोणता वापरला तेही लिहा. भेटू पुढच्या भागात!